उलांडी: बाजूच्या ओंडक्याची करामत

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर, तारकर्लीला किंवा निवतीला वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या दिसल्या की पर्यटक हमखास त्यांना टेकून फोटो काढतात. होड्यांचे रंग झकास असतात, मागे माड असतात, पुढे निळंशार पाणी असतं. त्यातल्या कित्येक होड्यांच्या एका बाजूला, थोड्या अंतरावर, होडीला समांतर असं एक लांबट लाकूड दिसतं. दोन आडव्या दांड्यांच्या टोकांना ते घट्ट बांधलेलं असतं. दर्यावर जाणारी माणसं त्याला उलांडी म्हणतात. फोटोत ती कोपऱ्यात येते, बऱ्याचदा कापलीही जाते. पण या किनाऱ्यावर दिसणाऱ्या माणसाच्या बुद्धीच्या खुणांमध्ये सगळ्यात दूरचा प्रवास केलेली खूण कोणती, असं कुणी विचारलं तर समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बोट दाखवायच्या आधी या ओंडक्याकडे दाखवावं लागेल.

उलांडीत हलणारा एकही भाग नाही. हलकं लाकूड, दोन दांडे आणि चार गाठी एवढंच तिचं भांडवल. तेवढ्यावर माणसाने पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा महासागर पार केला. हे कसं जमलं, ते समजून घ्यायला सुरुवात झाडापासून करावी लागते.

झाड लांब, पण रुंदी ठरलेली

कोकणात पूर्वी होडी करायची म्हणजे आंब्यासारखं मोठ्या बुंध्याचं झाड हेरायचं. बुंधा बाहेरून तासायचा, आतून कोरायचा, की होडीचा तळ तयार. झाड कितीही जुनं असलं तरी त्याची रुंदी निसर्गाने आखून दिलेली असते. लांबी मात्र भरपूर मिळते. म्हणून कोरलेली होडी जात्याच लांब आणि अरुंद असते. हा आकार पाणी कापायला उत्तम. वल्ह्याच्या एका फटकाऱ्यात ती सर्रकन पुढे जाते आणि वल्हवणाऱ्याचा दम वाचतो.

दुखणं दुसरीकडे आहे. अरुंद होडी कलंडते. होडी एका अंगाला झुकली की त्या अंगाचा जास्त भाग पाण्यात शिरतो आणि पाणी तिथे वर ढकलू लागतं. हा रेटा होडीच्या मध्यरेषेपासून जितका लांब लागेल तितक्या जोमाने होडी पुन्हा सरळ होते. अरुंद होडीत तो रेटा मध्यरेषेला चिकटूनच लागतो, म्हणजे त्याला जोर पोचत नाही. अशा होडीत एखादा माणूस जाळं फेकायला उभा राहिला तर त्याचं वजन वर, पाण्याचा आधार खाली आणि तोही मधोमध. मग सगळेच पाण्यात.

यावर सरळ उपाय म्हणजे होडी रुंद करणं. पण त्यासाठी फळ्या जास्त, वाक जास्त, वजन जास्त आणि किनाऱ्यावर ओढायला माणसंही जास्त लागतात. शिवाय रुंद होडीला पाणी अधिक अडवतं, तो भाग वेगळाच. उलांडीचा शोध लावणाऱ्यांनी होडी अरुंदच ठेवली आणि पाणी जिथे आधार देतं ती जागा उचलून लांब नेली. जात्याचा खुंटा मधोमध न ठोकता कडेला ठोकतात, म्हणून हाताच्या बेताच्या जोराने वरचा जड दगड फिरतो. इथलं तत्त्वही तेच आहे. जोर थोडा असला तरी तो लांबवर लागला की काम मोठं होतं.

किती मोठं, ते एका ढोबळ हिशेबाने पाहू. समजा, होडी ६ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद आहे. तिच्यापासून २ मीटरवर ४ मीटर लांबीची, २० सेंटिमीटर जाडीची उलांडी बांधली. नौका बांधणारे अभियंते होडी किती ठाम आहे हे मोजताना पाण्याच्या पातळीवर तिने व्यापलेल्या जागेचा विचार करतात, आणि त्या जागेचा प्रत्येक तुकडा मध्यापासून किती दूर आहे त्या अंतराचा वर्ग करतात. इथेच सगळी गंमत आहे. अंतर दुप्पट झालं की परिणाम चौपट होतो. या हिशेबाने नुसत्या होडीच्या तुलनेत उलांडी लावलेली होडी वीस पटींहून अधिक ठाम ठरते. तेवढाच ठामपणा रुंदी वाढवून मिळवायचा तर होडी जवळजवळ तिप्पट रुंद करावी लागेल. ज्या आंब्यातून ती कोरायची तो आंबा कुठल्याच परसात सापडणार नाही.

झुकायचं तर उलांडीकडे

उलांडी दोन उलट्या पद्धतींनी काम करते. होडी उलांडीच्या बाजूला कलली तर ओंडका पाण्यात दाबला जातो आणि पाणी त्याला वर ढकलतं. होडी दुसऱ्या बाजूला कलली तर ओंडका पाण्याबाहेर उचलला जातो आणि त्याचं वजनच होडीला मागे खेचतं. एकदा तरंगण्याचा गुण उपयोगी पडतो, तर एकदा जडपणाचा.

म्हणून उलांडीचं लाकूड निवडणं ही तारेवरची कसरत आहे. वरच्या उदाहरणातला ओंडका पूर्ण बुडाला तर सुमारे सव्वाशे किलो पाणी बाजूला सारतो. तो पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा असेल तर त्याचं स्वतःचं वजन ४० किलोच्या आसपास भरेल. याचा अर्थ एका बाजूला झुकलं तर ८०-८५ किलोंचा आधार आणि दुसऱ्या बाजूला झुकलं तर फक्त ४० किलोंचा. लाकूड आणखी हलकं घेतलं तर पहिला आधार वाढतो आणि दुसरा घटतो. जड घेतलं तर नेमकं उलटं होतं. आराखडा नाही, गणकयंत्र नाही, तरी कारागीर झाड बघून, हाताने तोलून आणि दांड्याची लांबी नजरेने धरून हा मध्य साधत आले.

या हिशेबातून उलांडीच्या होडीत बसणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा नियम निघतो: झुकायचं तर उलांडीच्या बाजूला. ही होडी उलटते ती बहुधा मोकळ्या बाजूवर, उलांडी हवेत उचलली जाऊन. हवाई बेटांवर नवख्याला वल्हं हातात देण्याआधी हाच धडा दिला जातो.

मग दोन्ही बाजूंना उलांडी का लावत नाहीत? लावतात. फिलिपिन्समधल्या बांका आणि इंडोनेशियातल्या जुकुंग या नावांना दोन्हीकडे उलांड्या असतात. बेटांच्या आडोशाच्या पाण्यात त्या छान चालतात. उघड्या समुद्रात मात्र लाट एका उलांडीला उचलते त्याच वेळी दुसरीला दाबते, आणि मधल्या दांड्यांवर पीळ बसतो. एकच उलांडी असली की हा ताण कमी होतो. शिवाय होडीची एक बाजू मोकळी राहते. जाळं सोडायला, ओढायला, मासळी आत घ्यायला मच्छीमाराला ती मोकळी बाजू हवीच असते.

एकांगीपणाचा एक तोटाही आहे. उलांडी पाण्यात थोडी घासत जाते, त्यामुळे होडीचं तोंड सतत तिच्याकडे वळू पाहतं. सुकाणूवरचा माणूस ते प्रत्येक क्षणी सावरत असतो. त्याला विचारलं तर आपण असं काही करतो हे त्याच्या ध्यानातही नसेल, इतकं ते त्याच्या हातात मुरलेलं असतं.

मादागास्कर ते रापा नुई

सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तैवान बेटावरून काही माणसं दक्षिणेकडे निघाली. त्यांच्या भाषांच्या कुळाला आज ऑस्ट्रोनेशियन म्हणतात. ती फिलिपिन्समध्ये गेली, इंडोनेशियात पसरली, मग पूर्वेकडे प्रशांत महासागरात शिरली. समोर जमीन दिसत नसताना, पिढ्यान्‌पिढ्या एकेक बेट गाठत त्यांचे वंशज हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई म्हणजे ईस्टर बेटापर्यंत पोचले. दुसरी शाखा पश्चिमेला वळली आणि हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेलगतच्या मादागास्करला गेली. मादागास्करच्या मालागासी भाषेचे सगळ्यात जवळचे नातलग आफ्रिकेत नाहीत, ते हजारो किलोमीटर दूर बोर्निओत आहेत.

मादागास्करपासून पूर्वेकडे रापा नुईपर्यंत रेखावृत्तं मोजली तर २०० अंशांहून जास्त भरतात. पृथ्वीला घातलेल्या फेरीचा हा निम्म्याहून मोठा भाग. युरोपी जहाजं महासागरात उतरण्याच्या कितीतरी आधी एका भाषाकुळाने एवढा पसारा व्यापला होता. त्यांची साधनं दोन: उलांडीची नाव आणि तिचीच बहीण असलेली, दोन होड्या जोडून केलेली जोडनाव. हवाईत बांधलेली 'होकुलेआ' ही जोडनाव १९७६ मध्ये एकही आधुनिक उपकरण न वापरता ताहितीला पोचली. मायक्रोनेशियातल्या माऊ पिआइलुग या नावाड्याने तारे, लाटा आणि पक्षी बघून तिला वाट दाखवली. हे प्राचीन प्रवास योगायोगाने वाहवत जाऊन झाले असतील असं म्हणणाऱ्यांना त्यामुळे आपलं मत तपासून पाहावं लागलं.

या सगळ्यात मालवण कुठे बसतं? मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी भारतीय नावांच्या घडणीवरचा आपला प्रसिद्ध अभ्यास १९२० मध्ये छापला. पश्चिम किनाऱ्यावरच्या उलांड्या पाहून त्यांनी असं मांडलं की या किनाऱ्यावर फार पूर्वी आग्नेय आशियातल्या दर्यावर्दी लोकांचा वावर झाला असावा. उलांडी इथे त्या खलाशांनी थेट आणली की श्रीलंकेच्या वाटेने हात बदलत आली, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. श्रीलंकेत 'ओरुवा' ही एका उलांडीची नाव आजही आहे. निकोबार बेटांवरही उलांडीची नाव आहे, आणि गंमत म्हणजे तिला होडीच म्हणतात.

पुरावे मिळतात ते भलत्याच ठिकाणी. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या तेराशेहून अधिक माडांची जनुकं तपासली. माडाची दोन मोठी घराणी निघाली, एक हिंदी महासागराकडचं आणि दुसरं प्रशांत महासागराकडचं. दोन्हीकडे माणसाने माड वेगवेगळा माणसाळवला होता. या दोन घराण्यांची सरमिसळ मुख्यतः दिसली ती मादागास्कर आणि आसपासच्या बेटांवर, म्हणजे बरोबर त्या जुन्या दर्यावर्द्यांच्या वाटेवर. नावेत शिदोरी म्हणून घेतलेल्या नारळांनी त्यांच्या प्रवासाची नोंद आपल्या पेशींत जपून ठेवली होती.

कोकणचा हा टापूही जगाच्या नकाशावर काही काल आलेला नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने हिंदी महासागरातल्या व्यापाराचं 'पेरिप्लस' नावाचं टिपण लिहिलं. त्यात या किनाऱ्यालगतच्या सेसेक्रिएनाय नावाच्या बेटांचा उल्लेख येतो. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात उभे असलेले खडक म्हणजेच ती बेटं, असं अनेक अभ्यासक मानतात. आज त्या खडकांवर दीपगृह आहे आणि तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात.

खिळ्याशिवाय शिवलेली

उलांडी होडीला आडवं होण्यापासून वाचवते. पण किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटेत होडीचं अंग तुटू नये यासाठी जुन्या कारागिरांकडे वेगळी विद्या होती. कोरलेल्या तळावर उंची वाढवायला ते फळ्या जोडत, आणि त्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवत. फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, सांध्यावर काथ्याची वळकटी ठेवायची आणि दोर आतून बाहेर, बाहेरून आत असा खेचून घट्ट आवळायचा. वरून राळ आणि तेल.

खिळा ठोकलेला सांधा ताठ असतो. लाटेचा तडाखा बसला की सगळा भार त्या एका बिंदूवर येतो, आणि खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं ते वेगळंच. शिवलेला सांधा किंचित हलतो, वाकतो, पुन्हा जागेवर येतो. रोज वाळूवर आपटणाऱ्या होडीला हा लवचीकपणाच वाचवतो. आणि काथ्या तरी किती चिवट! नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घातली की सूक्ष्म जीव मऊ भाग खाऊन टाकतात आणि धागे उरतात. लाकडाला लाकूडपण देणारं लिग्निन नावाचं द्रव्य या धाग्यांत चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणूनच काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. ज्या माडाखाली होडी उभी असते त्याच्याच फळाने ती शिवलेली असते, आणि पावसाळ्यात त्याच्याच झावळ्यांच्या झापांखाली ती झाकून ठेवली जाते.

ही विद्या पुस्तकात जाऊन बसायच्या बेतात असताना एक सुखद गोष्ट घडली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. त्या चित्राच्या आधारे गोव्यात एक पूर्ण जहाज शिवण्याच्या जुन्या पद्धतीने बांधलं गेलं. शिवणाऱ्या हातांचे म्होरके केरळचे पारंपरिक कारागीर होते. 'कौंडिण्य' असं नाव देऊन २१ मे २०२५ रोजी कारवारला ते भारतीय नौदलात दाखल झालं.

लाट, तिथी आणि रापण

उलांडीच्या होडीची खरी परीक्षा रापणीच्या वेळी होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं शेकडो मीटर लांबीचं जाळं. त्याच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात राहतं. बाकी सगळा ढीग होडीत. वल्हेकरी होडी हाणत समुद्रात जातात, मोठा अर्धगोल घेत जाळं पाण्यात सोडत जातात आणि दुसरं टोक घेऊन दूरवर पुन्हा किनाऱ्याला लागतात. मग दोन्हीकडून माणसांच्या रांगा दोर ओढू लागतात, हळूहळू एकमेकींकडे सरकतात, आणि शेवटी जाळ्याच्या खोळीत बांगडे, तारल्या, पेडवे तडफडत किनाऱ्याला येतात.

आता त्या होडीची अवस्था डोळ्यांपुढे आणा. आत ओल्या जाळ्याचा डोंगर, माणसं, खालून फुटणारी लाट, आणि दर मिनिटाला एका बाजूने जाळं कमी होतंय म्हणजे वजन सारखं बदलतंय. अरुंद होडीला हे झेपणं अशक्य होतं. उलांडीमुळेच ते जमतं.

होडी बाहेर काढायची वेळही नेमकी साधावी लागते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीला पुरेनाशी झाली की लाट फुटते. साधारण नियम असा की लाटेची उंची खोलीच्या पाऊणपटीवर गेली की ती कोसळते. लाटा सारख्या येत नाहीत. काही मोठ्या लाटांचा एक ताफा येतो, मग थोडी उसंत. होडीचा म्होरक्या म्हणजे तांडेल त्या उसंतीची वाट बघत उभा असतो. वारा पडलेला असतानाही या लाटा कुठून येतात, याचं उत्तर चकित करणारं आहे. त्यांतल्या काही दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांत जन्मतात आणि कित्येक दिवस हजारो किलोमीटर चालून कोकणात येतात. हिवाळ्यात अरबस्तानाकडून वाहणारे शमाल नावाचे वारे समुद्र ढवळतात, आणि त्या लाटाही इथवर पोचतात. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा माग काढला आहे. तारकर्लीला तुमच्या पायांना स्पर्श करणाऱ्या लाटेचा जन्म कदाचित ओमानच्या दिशेला झालेला असतो.

भरतीची वेळ सांगायला किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. यामागचा हिशेब सुंदर आहे. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथी असतात आणि तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाची एक फेरी म्हणजे बारा तास पुढे सरकते. बारा तासांचे पंधरा भाग केले की एका तिथीला ४८ मिनिटं येतात. तोंडी हिशेबाला सोपा म्हणून पाऊण तास धरला, चूक तिथीमागे फक्त तीन मिनिटांची. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण चंद्राची गती एवढ्या छोट्या नियमात बसवणाऱ्याला दाद द्यावीच लागते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे कमी जोराची भरती, हे तर इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

रापणीचं अर्थकारणही तिच्या आकारासारखंच पसरट आहे. होडी आणि जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे, अशी वाटणी किनाऱ्यावरच होते. सिंधुदुर्गातल्या गाबीत समाजाची आणि इतर मच्छीमारांची कित्येक घरं या वाट्यांवर उभी राहिली. पण मासळीचे थवे किनाऱ्याजवळ आलेच नाहीत तर रापण रिकामी येते. खोल पाण्यात पर्ससीन जाळ्यांनी अख्खे थवे उचलले जाऊ लागल्यावर पारंपरिक मच्छीमारांनी मोठा आवाज उठवला. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, आणि प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्याला केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली. नियम कागदावर आले तरी समुद्रातल्या पाळणुकीवरून किनाऱ्यावर अजून वाद होतात. एखादी रापण बांगड्यांनी भरून आली तर त्यात लाटेची साथ आणि तांडेलाची हुशारी असते, तशीच दूरवर कुणीतरी पाळलेल्या नियमाचाही हात असतो.

सुट्टीतली दुसरी बाजू

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याआधी दहा वर्षं, १९८७ मध्ये, किल्ल्याभोवतालच्या समुद्राला मालवण सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला होता. आज तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग होतं, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे जलक्रीडांची जत्रा भरते, होडीवाले डॉल्फिन दाखवायला नेतात. घरगुती निवासात सकाळी घावणे, दुपारी तिरफळं घातलेली बांगड्याची कढी, संध्याकाळी कोंबडी-वडे. पोट भरतं, मन भरतं. नारळी पौर्णिमेला आलात तर मालवण बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होताना आणि नारळ लढवण्याचा खेळ रंगताना दिसतो.

पण या सुट्टीत पाण्याशी आपलं नातं बहुतेक वेळा इंजिनाच्या आवाजातूनच जुळतं. उलांडीची होडी आपल्या फोटोत असते, हातात नसते. प्रशांत महासागरातल्या बेटांनी वेगळा रस्ता धरला. होनोलुलूत उलांडीच्या नावांसाठी १९०८ मध्ये क्लब निघाला. मोलोकाईपासून ओआहूपर्यंतची सामुद्रधुनी वल्हवत पार करण्याची शर्यत १९५२ पासून होते. १९८६ मध्ये हवाई राज्याने उलांडीच्या नावेचं वल्हवणं हा आपला अधिकृत सांघिक खेळ म्हणून जाहीर केला. सहा जण एका तालात वल्हं मारतात, पुढचा ताल धरतो, शेवटचा दिशा सांभाळतो. जोर दंडातून काढायचा नाही, कमरेतून अंग वळवून काढायचा, हे तिथे मुलांना शाळेत शिकवतात. मासेमारीचं साधन त्यांनी खेळ केलं, खेळाला शाळेत नेलं आणि पाहुण्यांनाही त्यात बसवलं. म्हणून त्या नावा बांधणारे हात तिथे अजून रिकामे नाहीत.

मालवणात अशी सोय उभी करायला फार मोठ्या भांडवलाची गरज नाही. होड्या आहेत. लाकडाची जागा पुष्कळ ठिकाणी फायबरने घेतली तरी उलांडीचं तत्त्व बदललेलं नाही. कर्लीची शांत खाडी आहे, कोळंबची खाडी आहे. लाट कशी मोजायची, तिथीवरून भरती कशी सांगायची हे जाणणारे तांडेल आहेत. अर्ध्या तासाची, हाताने वल्हवायची, शिकवत नेणारी एक फेरी घरगुती निवास चालवणाऱ्यांनी आणि रापण संघांनी मिळून सुरू केली तर पाहुण्याला आठवण मिळेल आणि मच्छीमाराला रिकाम्या दिवसाचं उत्पन्न. जिल्ह्यातल्या शाळांनी तर पाहुण्यांची वाटही बघू नये. आर्किमिडीजचा धडा शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

तेव्हा पुढच्या वेळी जाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या शांत समुद्राच्या दिवसांत जा. पहाटे किनाऱ्यावर या. रापण लागलेली दिसली तर विचारून दोराला हात लावा, ओढणाऱ्याला कुणी नको म्हणत नाही. खाडीत कुणी होडीत घेतलं तर लाइफ जॅकेट घाला, तांडेलाचं ऐका, आणि मागून विकत मिळणार नाही असा एक धडा प्रत्यक्ष अंगाने शिकून या: झुकायचं तर उलांडीच्या बाजूला.